दुसऱ्या कॅन्सरची भीती आणि दुसरा बाण



मागील वर्षावासात आपल्या विहारात आरोग्यविषयक कार्यक्रम झाला. त्यात मला माझ्या आजारपणाविषयी दोन शब्द बोलण्यास सांगितले होते. मी बँकेत कारकून आहे, भाषणाची मला सवय नाही. तरीही २०१८ साली स्तनाच्या कॅन्सरचे निदान कसे झाले, शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन कसे पार पडले हे जमेल तसे सांगितले आणि "आता मी पूर्ण बरी आहे" असे म्हणून खाली बसले. टाळ्याही झाल्या. कार्यक्रम संपल्यावर बाहेर चपला शोधत असताना एक मावशी जवळ आल्या. त्यांचेही ऑपरेशन होऊन चार वर्षे झाली आहेत. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, "ताई, तुम्हाला रात्री भीती नाही वाटत? आता दुसरीकडे कुठे निघेल म्हणून?"

मी त्यांना काय उत्तर दिले ते आता आठवत नाही. पण घरी येताना मनाला लागून राहिले की, व्यासपीठावर मी अर्धेच सांगितले होते. भीती वाटते. काही काळ तर ती इतकी वाटत होती की, आजारापेक्षा भीतीनेच मला जास्त छळले. उपचारांबद्दल आपल्याकडे आता बोलले जाते, परंतु उपचार संपल्यानंतरच्या या भीतीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. "बरी झालीस ना, मग आता कसली काळजी?" असे म्हटले की विषय संपतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय मांडण्याचा प्रयत्न करीत आहे. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारून, वाचून आणि स्वतः अनुभवून जे समजले तेवढेच येथे देत आहे.

परत येणे आणि नव्याने होणे

प्रथम एक फरक समजून घेतला पाहिजे. पहिल्या कॅन्सरच्या काही पेशी उपचारांनंतरही शरीरात कुठेतरी शिल्लक राहिल्या आणि काही काळाने वाढू लागल्या, तर जुनाच आजार परत आला असे म्हणतात. तो त्याच जागी येतो किंवा हाडात, फुप्फुसात, यकृतात दिसतो, पण पेशी मूळच्याच असतात. स्तनाचा कॅन्सर हाडात गेला तरी तो स्तनाचाच कॅन्सर असतो.

दुसरा कॅन्सर ही वेगळी गोष्ट आहे. तो पहिल्याचे पिल्लू नसून दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या पेशीत स्वतंत्रपणे सुरू झालेला आजार असतो. डाव्या स्तनाचा आजार बरा होऊन काही वर्षांनी उजव्या स्तनात वेगळीच गाठ झाली, किंवा गालाच्या आतील कॅन्सर बरा झालेल्या माणसाला पुढे अन्ननलिकेचा कॅन्सर झाला, तर तो बहुधा दुसरा कॅन्सर असतो. हा फरक केवळ शब्दांचा नाही. नव्याने झालेला कॅन्सर लवकर सापडला तर त्याच्यावर पहिल्यासारखेच संपूर्ण उपचार होऊ शकतात आणि माणूस त्यातूनही बरा होऊ शकतो. म्हणजे दुसरा कॅन्सर झाला की सगळे संपले, ही आपली समजूत बरोबर नाही.

दुसरा कॅन्सर होण्याची कारणे बऱ्याच अंशी माहीत आहेत. वय वाढते तसा कोणताही कॅन्सर होण्याचा संभव वाढतो. तो आधी कॅन्सर झालेल्यालाही वाढतो आणि न झालेल्यालाही. काही घराण्यांत जनुकांतील दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील दोष असलेल्या स्त्रियांना दुसऱ्या स्तनाचा व अंडाशयाचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो. काही वेळा उपचारही थोड्या प्रमाणात कारण ठरतात. लहानपणी किंवा तरुणपणी छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलींना आठ-दहा वर्षांनंतर स्तनाचा धोका वाढतो, म्हणून त्यांची तपासणी लवकर सुरू करतात. केमोथेरपीच्या काही औषधांनंतर क्वचित रक्ताचा कॅन्सर होतो. पण हे वाचून कोणी उपचार टाळू नयेत. पहिल्या आजाराने जीव जाण्याचा धोका समोर उभा असतो आणि उपचारांमुळे होणाऱ्या दुसऱ्या कॅन्सरचा धोका त्या मानाने फारच लहान असतो.

आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण मात्र तंबाखू आहे. अमेरिकेतील डॅनली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली तोंडाच्या कॅन्सरचा अभ्यास करून दाखवले की, बिघाड केवळ गाठीपुरता नसतो, तर आजूबाजूचे निरोगी दिसणारे अस्तरही आतून बिघडलेले असते. सोप्या भाषेत सांगायचे तर एक तण उपटले तरी त्याचे बी सगळ्या वावरात पडलेले असते. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी यांचा रस आणि धूर तोंड, घसा, अन्ननलिका, फुप्फुस सगळीकडे पोहोचतो. म्हणून तोंडाच्या कॅन्सरातून बरे झालेल्यांमध्ये दुसऱ्या कॅन्सरचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसते, आणि बरे झाल्यावरही तंबाखू न सोडणाऱ्यांमध्ये ते आणखी वाढते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे वस्तीतील लहान मुलालाही ठाऊक असते, हे आपण नाकारू शकत नाही.

आकडे वाचताना होणारी चूक

भीती वाढवण्यात आकड्यांचाही हात असतो. अमेरिकेतील नोंदींनुसार २००९ ते २०१३ या काळात ज्यांना कॅन्सरचे नवे निदान झाले, त्यांतील ६५ वर्षे व त्यापुढील रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला आणि त्याहून लहान वयाच्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना पूर्वी एकदा कॅन्सर होऊन गेला होता. हे प्रथम वाचले तेव्हा माझ्या हातापायांतील बळ गेले. चारांतील एक मीच, असेच मला वाटले.

पण आकडा पुन्हा नीट वाचला पाहिजे. आमच्या शाखेत आज कर्ज मागायला आलेल्यांपैकी चौथा हिस्सा जुने कर्जदार असले, तर त्याचा अर्थ दर चार जुन्या कर्जदारांपैकी एक जण आज पुन्हा कर्ज मागतो असा होत नाही. जुने कर्जदार हजारो असतात आणि बहुतेक परत येतही नाहीत. तसेच हे आहे. बरे होऊन पुष्कळ वर्षे जगणाऱ्यांची संख्या वाढली, म्हणून नव्या रुग्णांमध्ये त्यांचाही वाटा दिसू लागला.

स्तनाच्या कॅन्सरपुरते सांगायचे तर, जनुकीय दोष नसलेल्या स्त्रियांत दुसऱ्या स्तनात नवा कॅन्सर होण्याचे प्रमाण साधारणपणे वर्षाला दोनशे स्त्रियांमागे एक किंवा त्याहूनही कमी असते. ज्यांचा आजार संप्रेरकांशी निगडित असतो त्यांना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच वर्षे देतात, तिच्यामुळे हे प्रमाण आणखी सुमारे एक तृतीयांशाने घटते. त्याच गोळीने पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो. म्हणून पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेल्यास संकोच न करता डॉक्टरांना सांगावे, गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. धोका किती, कुठे आणि त्यासाठी काय करायचे हे कळले की भीतीला निदान एक आकार येतो. नाहीतर ती घरभर पसरते.

भीतीचे चक्र

आता माझी स्वतःची गोष्ट. २०२१ साली एकदा आंघोळ करताना मानेला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. त्या दिवशी कामावर लक्ष लागले नाही. सोनोग्राफी केली. सर्दीमुळे सुजलेली साधी गाठ आहे, आपोआप जाईल, असे डॉक्टर म्हणाले. त्या रात्री मी शांत झोपले. पण आठवडाभरातच वाटू लागले की, मशीनने नीट पाहिले नसेल तर? मग काखेत काहीतरी लागले. मग पाठ दुखू लागली, म्हणजे हाडात असणार. त्या एका वर्षात मी चार वेळा सोनोग्राफी आणि दोन वेळा रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, त्यातील काही तर डॉक्टरांनी सांगितलेल्याही नव्हत्या. प्रत्येक रिपोर्ट चांगला आला. प्रत्येक वेळी मिळालेला दिलासा आधीच्यापेक्षा लवकर संपला. काउंटरवर बसले असताना माझा हात सारखा मानेकडे जातो, हे शेजारच्या सहकारी बाईंनी माझ्या लक्षात आणून दिले.

इंग्लंडमधील पॉल सॅल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८६ साली हेच चक्र उलगडून दाखवले. शरीरात काहीतरी जाणवते. मन त्याचा सर्वांत वाईट अर्थ लावते. भीती वाटते. ती घालवण्यासाठी माणूस चाचपून पाहतो, कोणाला तरी विचारतो, तपासणी करतो. घटकाभर बरे वाटते. पण मन त्यातून शिकते ते असे की, विचारले म्हणून वाचलो. त्यामुळे पुढच्या वेळी ते आणखी लवकर आणि आणखी जोराने विचारते. शिवाय एकच जागा दिवसातून दहा-वीस वेळा दाबली तर ती दुखू लागते, आणि ते दुखणे हा नवा पुरावा होतो. भीतीने छाती धडधडते, भूक मंदावते, झोप उडते, थकवा येतो. ही लक्षणेही आपण आजाराच्या खात्यात जमा करतो.

आम्ही कॅश मोजतो तेव्हा गड्डी एकदा मशीनवर आणि एकदा हाताने मोजली की पट्टी लावून बाजूला ठेवतो. तीच गड्डी कोणी दहा वेळा मोजत बसला तर हिशोब जास्त बरोबर येत नाही. उलट हात अडखळतो, एखादी नोट इकडची तिकडे होते आणि समोर रांग वाढत जाते. माझ्या शरीराच्या बाबतीत मी नेमके हेच करीत होते, आणि रांगेत माझी मुलगी, माझे पती आणि माझे काम उभे होते.

डॉक्टर सगळ्या तपासण्या का लिहून देत नाहीत?

पुष्कळ रुग्णांची तक्रार असते की, डॉक्टर हाताने तपासतात, चार प्रश्न विचारतात आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी सांगून घरी पाठवतात. संपूर्ण अंगाचे स्कॅन का करीत नाहीत? पैसे नसलेल्याला वाटते की, आपण गरीब म्हणून आपल्याला टाळले.

याचे उत्तर इटलीतील दोन मोठ्या अभ्यासांतून मिळाले. १९९४ साली ते प्रसिद्ध झाले. प्रत्येकात स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या बाराशेहून अधिक स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटाची नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी केली. दुसऱ्या गटात त्याशिवाय ठरावीक काळाने छातीचे एक्स-रे, हाडांचे स्कॅन असे बरेच काही केले. पाच वर्षांनंतर पाहिले तर दोन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नव्हता. म्हणून काही लक्षण नसताना सरसकट स्कॅन करू नये, असे आजही सांगितले जाते. स्कॅनमध्ये निरुपद्रवी ठिपके दिसतात, मग त्यांच्यासाठी सुई, बायोप्सी आणि महिनाभराची चिंता मागे लागते. ज्यांचा धोका खरोखर जास्त आहे, उदाहरणार्थ जनुकीय दोष असलेले, त्यांची तपासणी अर्थातच वेगळी असते, आणि ती डॉक्टर सांगतातच.

तथागतांनी सांगितलेले दोन बाण

संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. त्यातील दाखला असा आहे की, एखाद्याला बाण लागतो आणि लगेच दुसरा बाण लागतो. पहिला बाण म्हणजे शरीराची वेदना. दुसरा म्हणजे त्या वेदनेवर मनाने केलेला शोक, संताप आणि आक्रोश. ज्याला धम्माचे शिक्षण नाही त्याला दोन्ही बाण लागतात. शिकलेल्या श्रावकालाही पहिला बाण लागतोच. तथागतांनी कोणालाही शरीर दुखणार नाही असे आश्वासन दिले नाही. फक्त दुसरा बाण त्याला लागत नाही.

मला या सुत्ताचा फार उपयोग झाला. कॅन्सर झाला हा पहिला बाण होता. तो काढण्यासाठी सर्जन होते, औषधे होती. पण "दुसरा कॅन्सर होईल" हा विचार म्हणजे न सुटलेला बाण होता, आणि तो मी रोज रात्री स्वतःच्या हाताने टोचून घेत होते. अर्थात एकदा सुत्त वाचल्याने भीती गेली असे मी म्हणणार नाही. शिक्षण लागते, म्हणजेच सराव लागतो.

या भीतीचा आणखी एक धोका आहे, तो आपल्या समाजासाठी महत्त्वाचा आहे. घाबरलेला माणूस कुठेही हात जोडतो. माझ्या नात्यातील एका वडीलधाऱ्या बाईंनी प्रेमापोटीच दंडाला बांधायला दोरा आणला होता. "मागच्या जन्माचे भोग" असेही शब्द कानावर आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा देऊन आपल्याला ज्या अंधारातून बाहेर काढले, त्याच अंधाराकडे आजारपणाची भीती आपल्याला परत ओढते. सिवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले होते की, माणसाला होणारे सर्व सुखदुःख पूर्वकर्मानेच होते काय? तथागतांनी ते मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, ऋतूतील बदल, आघात अशी अनेक कारणे त्यांनी सांगितली. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची कल्पना बुद्धांच्या शिकवणुकीशी विसंगत ठरवली आहे. कॅन्सर हे पाप नाही. दुसरा झाला तरी तेही पाप नाही. त्याला कारणे असतात, आणि कारण शोधून उपाय करणे हाच धम्माचा मार्ग आहे.

प्रत्यक्षात काय करावे?

खालील गोष्टी मी हळूहळू, चुकत माकत अंगवळणी पाडल्या.

१. तपासणीची तारीख ठरवून घ्यावी. स्तनाच्या कॅन्सरनंतर पहिली तीन वर्षे तीन ते सहा महिन्यांनी, पुढील दोन वर्षे सहा ते बारा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. आपली तारीख कॅलेंडरवर लिहावी. ती चुकवू नये आणि उगाच अलीकडेही ओढू नये. भीतीने वारंवार जाणारे असतात तसेच भीतीने अजिबात न जाणारेही असतात, आणि दुसरे जास्त धोक्यात असतात.

२. दोन आठवड्यांचा नियम पाळावा. नवे दुखणे, खोकला, तोंडातील चट्टा किंवा जखम जाणवली की वहीत तारीख टाकावी. दोन आठवड्यांत ती गेली तर रेघ मारावी. राहिली किंवा वाढली तर डॉक्टरांकडे जावे. रक्तस्राव, दम लागणे, एकाएकी आलेली अशक्तता, स्तनात किंवा ऑपरेशनच्या व्रणाजवळ नवी गाठ, यांसाठी मात्र थांबू नये.

३. चाचपणी महिन्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी करावी. मी पौर्णिमेला विहारातून आल्यावर करते, त्यामुळे विसर पडत नाही. तोंडाचा आजार झालेल्यांनी उजेडात आरशासमोर गाल, जीभ, हिरड्या पाहाव्यात. इतर दिवशी हात मानेकडे गेला की तो खाली घ्यावा.

४. डॉक्टरांना प्रश्न लिहून न्यावेत. माझा धोका इतरांपेक्षा जास्त आहे का? असल्यास कुठल्या अवयवाचा? कोणती लक्षणे दिसल्यास लगेच यावे? कोणत्या तपासण्यांची गरज नाही? घरात अनेकांना कॅन्सर झाला असेल तर जनुकीय सल्ला घ्यावा का, हेही विचारावे. शेजारणीला विचारलेल्या पन्नास प्रश्नांपेक्षा हे प्रश्न कामाचे आहेत.

५. काळजीला वेळ नेमून द्यावी. हे ऐकायला विचित्र वाटेल. मी संध्याकाळी चहानंतरची पंधरा मिनिटे ठेवली. दिवसभरात भीती आली की "सहा वाजता बघू" असे स्वतःला सांगायचे आणि सहा वाजता वही घेऊन जे वाटते ते लिहायचे. बऱ्याचदा सहा वाजेपर्यंत त्यातले निम्मे विरून गेलेले असते. रात्री बारा वाजता मात्र हे दुकान बंद ठेवायचे.

६. आनापानाचा सराव करावा. श्वास येतो, श्वास जातो, एवढेच पाहायचे. भीतीचा विचार आला तर त्याच्याशी भांडायचे नाही, "विचार आला" एवढीच नोंद घ्यायची आणि श्वासाकडे यायचे. एक सावधगिरी सांगते. काहींना अंगाकडे लक्ष दिल्याने भीती वाढते. माझे सुरुवातीला तसेच झाले. अशांनी डोळे उघडे ठेवून बाहेरचे आवाज ऐकावेत, किंवा चालताना पावलांकडे लक्ष द्यावे.

७. जे खरोखर आपल्या हातात आहे ते करावे. तंबाखू, मिश्री, विडी, गुटखा पूर्ण बंद. दारू बंद. पंचशीलातील पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतील दारूविषयीची प्रतिज्ञा ही केवळ म्हणण्यासाठी नाही. दारूने तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत आणि स्तन यांच्या कॅन्सरचा धोका वाढतो हे सिद्ध झाले आहे. रोज अर्धा तास चालावे आणि वजन आटोक्यात ठेवावे.

या गोष्टी केवळ माझ्या मनाच्या नाहीत. ऑस्ट्रेलियात २२२ कॅन्सरमुक्त रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. लक्ष इच्छेनुसार वळवण्याचा सराव, काळजीविषयीच्या समजुती तपासणे, तपासणीचे प्रमाण ठरवणे आणि आयुष्यात आपल्याला काय महत्त्वाचे आहे ते ओळखणे, असे पाच बैठकांत शिकवल्यावर त्यांची भीती लक्षणीय कमी झाली. अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली बौद्ध ध्यानपरंपरेतील सजगता घेऊन रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला, तो आज अनेक देशांतील रुग्णालयांत शिकवला जातो. आपल्या विहारात जे विनामूल्य मिळते ते परदेशात दवाखान्यात शिकवतात. ध्यानाने कॅन्सर बरा होतो किंवा टळतो असा दावा मात्र कोणी करू नये. ध्यान औषधाच्या जागी नाही, औषधाच्या सोबतीला आहे.

घरच्या मंडळींसाठी

अंगुत्तर निकायात नकुलपिता आणि नकुलमाता या वृद्ध दांपत्याची गोष्ट आहे. नकुलपिता फार आजारी पडला. आपल्यामागे घराचे काय होईल ही चिंता त्याला खात होती. नकुलमातेने त्याला "तुम्हाला काही होणार नाही" असे सांगितले नाही. ती म्हणाली, चिंता मनात ठेवून जाऊ नका. मला सूत कातता येते, लोकर विंचरता येते, मी मुले सांभाळीन, घर चालवीन. मी शील सोडणार नाही, धम्मापासून ढळणार नाही. एकेक चिंता घेऊन तिने एकेकीचे उत्तर दिले. पुढे तो बरा झाला आणि काठी टेकत तथागतांकडे गेला, तेव्हा अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य आहे, असे तथागतांनी त्याला सांगितले.

आपण आजारी माणसाला "काही होत नाही गं, उगाच विचार करतेस" असे म्हणतो. हेतू चांगला असतो, पण त्यामुळे त्याचे तोंड बंद होते आणि भीती आत राहते. माझ्या पतींनीही वर्षभर मला तेच सांगितले. एका रात्री मात्र ते म्हणाले, "समजा झालाच, तर पुन्हा दोघे जाऊ. माझी रजा शिल्लक आहे. पोरीच्या फीचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. फाईल कपाटात वरच्या कप्प्यात आहे. मागच्या वेळी केले, तसेच करू." चारही सोनोग्राफींनी दिला नव्हता एवढा दिलासा मला त्या पाच वाक्यांनी दिला. होणार नाही याची हमी कोणीच देऊ शकत नाही. झाले तर मी असेन, एवढे मात्र प्रत्येकजण म्हणू शकतो.

तपासणीच्या आधीचा आठवडा सर्वांत अवघड असतो. त्या दिवसांत रुग्णाची चिडचिड होते, ती मनावर घेऊ नये. शक्य असल्यास सोबत जावे. "रिपोर्ट काय आला?" असे दहा जणांनी दहा वेळा विचारू नये.

मदत कुठे मिळेल?

झोप, भूक, काम यांवर महिना-महिना परिणाम होत असेल, सतत रडू येत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो मनाचा कमकुवतपणा समजू नये. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत यासाठी वेगळे समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ असतात. मुंबईत परळला १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही ही सोय आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, तेथे मराठीतही बोलता येते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा विनामूल्य क्रमांक आहे.

आपल्या संस्थेला माझी एक नम्र सूचना आहे. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास, उपचार झालेल्या बंधू-भगिनींना एकत्र बसता यावे. भाषण नको, सत्कार नको. फक्त चहा आणि एकमेकांचे ऐकणे. तपासणीला जाताना ज्याच्या घरी सोबत कोणी नाही, त्याच्याबरोबर एखाद्या कार्यकर्त्याने जावे. रुग्णाची सेवा करतो तो माझीच सेवा करतो, या आशयाची शिकवण तथागतांनी भिक्खूंना दिली होती. ती आपल्यालाही लागू आहे.

त्या मावशींना त्या दिवशी जे सांगायचे राहून गेले ते आता सांगते. मावशी, मला भीती वाटते. पूर्वी रोज वाटायची, आता तपासणीच्या आठवड्यात वाटते. ती आली की मी वहीत लिहिते, पौर्णिमेपर्यंत हात खाली ठेवते आणि तारखेला दवाखान्यात जाते. पुढच्या वेळी तुमची आणि माझी तारीख जवळ आली तर आपण बरोबर जाऊ.

जयभीम. नमो बुद्धाय.